ऋतुभंग, कर्म आणि ऋण

मराठी मुलखात संकटांची विभागणी अनेक शतके दोन सदरांत होत आली आहे: आभाळातून कोसळते ते अस्मानी आणि राज्यकर्त्याच्या हातून येते ते सुलतानी. अवर्षण, गारपीट, महापूर, टोळधाड ही पहिल्या सदरात मोडतात. जादा सारा, लूट, वेठ आणि सक्तीची वसुली ही दुसऱ्या. या विभागणीत उत्तरदायित्वाचा, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा जाब कोणाला विचारायचा याचा, एक सिद्धान्त दडलेला आहे. सुलतानीचा कर्ता माहीत असतो, त्यामुळे त्याच्याकडे दाद मागता येते, त्याला शिव्याशाप देता येतात, प्रसंगी त्याचे राज्य सोडून शेजारच्या मुलखात परागंदा होता येते; अस्मानीला कर्ताच नसतो, किंवा असला तर तो देव असतो, आणि त्याच्यापुढे नवस बोलणे, सोसणे व एकमेकांना धरून राहणे एवढेच माणसाच्या हाती उरते. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावायचे, हा लोकभाषेतला प्रश्न या अस्मानी स्थितीचा आहे. गेल्या काही दशकांत हवामानशास्त्राने जे सिद्ध केले त्यामुळे ही विभागणी मुळापासून डळमळली असून, २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील अतिवृष्टीने सोयाबीनच्या उभ्या पिकासह शेतांतली माती खरडून नेली, तेव्हा ते संकट कोणत्या सदरात लिहायचे हा धर्मचिंतनाचा आणि तत्त्वज्ञानाचा खराखुरा प्रश्न झाला.

पाऊस आणि माणसाचे आचरण यांचा संबंध जोडणारा विचार भारतात फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका सूक्ताच्या अनुषंगाने यास्काचार्यांनी निरुक्तात देवापी आणि शंतनू या कुरुवंशातील दोन भावांची कथा दिली आहे. धाकट्या शंतनूने थोरल्या भावाला डावलून स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि देवापी तपाला निघून गेला. त्यानंतर शंतनूच्या राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. ब्राह्मणांनी राजाला सांगितले की हा त्याच्याच अधर्माचा परिणाम आहे. शंतनूने राज्य परत देऊ केले, पण देवापीने ते न स्वीकारता भावाचा पुरोहित होऊन पर्जन्यासाठी यज्ञ केला. अंग देशाच्या लोमपाद राजाची कथा याच जातीची असून, तेथेही राजाच्या अपराधाने अवर्षण आले आणि ऋष्यशृंगाच्या आगमनाने ते संपले. अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथातील एका सुत्तात तर ही साखळी कडीकडीने उलगडून दाखवली आहे: राजा अधार्मिक झाला की त्याचे अधिकारी तसे होतात, त्यांच्यामागून गृहस्थ आणि नगरे-गावे, मग चंद्रसूर्यांची गती बिघडते, ऋतू व वारे वाट सोडतात, पाऊस नीट पडत नाही, धान्य कसेबसे पिकते, आणि ते खाणारी माणसे अल्पायुषी व रोगट होतात.

या कथांतील भौतिक कार्यकारणभाव आज कोणी स्वीकारणार नाही. राज्याभिषेकाच्या वादाने मोसमी वारे अडत नाहीत. तरीही या कथांनी दोषाचे बोट कोणाकडे वळवले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाऊस न पडण्याचा जाब त्या कुणब्याला विचारत नाहीत, राजाला विचारतात; म्हणजे वरवर अस्मानी दिसणाऱ्या संकटाच्या पोटात सुलतानी शोधण्याची दृष्टी या परंपरेत सुरुवातीपासूनच होती. लोकाचारातही हीच धिटाई दिसते. पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंडी बुडवायची आणि पाऊस येईपर्यंत देवाला तसेच कोंडून ठेवायचे, ही महाराष्ट्रातील गावोगावची रीत विनवणीइतकीच अडवणुकीचीही आहे. देव कर्ता असेल तर त्यालाही जाब विचारता येतो, असा त्या रीतीचा सरळ अर्थ आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आणखी एक पाऊल पुढे जाते: बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे त्यांनी दुष्काळात रयतेसाठी खुली केली, म्हणजे पाऊस पाडणे माणसाच्या हाती नसले तरी कोठाराची किल्ली माणसाच्याच हाती असते, हे त्या कथेने भाविक श्रोत्यांच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या ठसवले.

परंतु ऋतू आणि नीती यांना एकत्र बांधणाऱ्या या प्रवाहाबरोबरच दोहोंना वेगळे करणारा प्रवाहही भारतात होता आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात एक परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ असते काय. बुद्धांचे उत्तर नकारार्थी आहे. पित्त, कफ, वात, ऋतूंतील पालट, आचरणातील हयगय, दुसऱ्याने केलेला आघात अशी अनेक कारणे सांगून ते कर्मविपाकाला त्यांतील एक कारण ठरवतात. पुढे पाली अट्ठकथांनी, म्हणजे मूळ सुत्तांवरील प्राचीन भाष्यांनी, पाच नियमांची व्यवस्था मांडली: ऋतूंचा नियम, बीजाचा नियम, कर्माचा नियम, चित्ताचा नियम आणि धम्माचा नियम. ऋतुनियमात ऊन, पाऊस, वारा येतात. कर्मनियमात कुशल-अकुशल कृत्ये आणि त्यांची फळे येतात. उष्णतेने दुखणे आले तर त्यासाठी मागच्या जन्मातले पाप शोधू नये, असा या विभागणीचा व्यावहारिक अर्थ होतो आणि तो पीडिताला मोठाच दिलासा देणारा आहे.

या दोन प्रवाहांची आधुनिक काळातील सर्वांत गाजलेली टक्कर १९३४ साली झाली. त्या वर्षी १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले व दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिण भारतात दौऱ्यावर असलेल्या महात्मा गांधींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेले ईश्वरी शासन आहे, असे जाहीरपणे सांगितले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात गांधींच्या बाजूचे असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांना हे विधान असह्य झाले. त्यांचा प्रतिवाद आणि गांधींचे उत्तर ही दोन्ही ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या फेब्रुवारीतील एका अंकात प्रसिद्ध झाली. रवींद्रनाथांचा पहिला मुद्दा कारणमीमांसेचा होता: भौतिक उत्पाताचे मूळ भौतिक घटनांतच असते, आणि त्यात नैतिक हेतू घुसवणे म्हणजे लोकांमधील अविवेकाला खतपाणी घालणे होय. दुसरा मुद्दा न्यायाचा असून तो अधिक खोल आहे. कोणताही सुसंस्कृत शासक दूर सुरक्षित बसलेल्या अपराध्यांना धडा मिळावा म्हणून हाती लागतील त्या लोकांना, त्यांत मुलेबाळे आणि खुद्द अस्पृश्य मानले गेलेले लोकही, सरसकट मारणार नाही. मग ईश्वराने असे केले असे मानणे म्हणजे माणसापेक्षा ईश्वराला हीन ठरवणे होय. गांधींनी उत्तरात मान्य केले की आपला विश्वास आपण सिद्ध करू शकत नाही, पण जड आणि चैतन्य यांचा संबंध अतूट आहे ही श्रद्धा त्यांनी सोडली नाही.

भूकंपापुरता हा वाद रवींद्रनाथांनी निर्विवाद जिंकला. भूपट्टांच्या हालचालींना जातिभेदाचा पत्ता नसतो. हवामानाच्या बाबतीत मात्र वादाची भूमीच बदलली आहे, आणि ती कोणा साक्षात्कारी पुरुषाने बदलली नसून प्रयोगशाळांनी आणि वेधशाळांनी बदलली आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२०च्या पुढे गेले आहेत. कोळसा, खनिज तेल व वायू यांचे ज्वलन आणि त्याखालोखाल जंगलतोड ही त्याची मुख्य कारणे आहेत. या वायूमुळे पृथ्वीकडून परत जाणारी उष्णता अडते, आणि २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक भरले. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस येतो तेव्हा तो एकदम आणि धुवाधार येण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि याच काळात तेथील मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटत गेली. कोरडा दुष्काळ आणि ज्याला शेतकरी ओला दुष्काळ म्हणतात तो, हे दोन्ही एकाच हंगामात एकाच तालुक्याला कसे गाठतात, याचे उत्तर या निष्कर्षात मिळते.

एखाद्या विशिष्ट पुराचा किंवा उष्णतेच्या लाटेचा दोष मानवी कृतीकडे किती जातो हे ठरवणारी एक स्वतंत्र शाखा गेल्या वीस-बावीस वर्षांत उभी राहिली आहे. तिची पद्धत भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल, कारण ती अन्वय-व्यतिरेकाची पद्धत आहे: कारण असताना कार्य दिसणे हा अन्वय आणि कारण नसताना कार्य न दिसणे हा व्यतिरेक. व्यतिरेक तपासण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकावर असे जग उभे करतात ज्यात उद्योगांनी सोडलेले वायू हवेत नाहीत, आणि त्या जगात तशीच घटना कितीदा घडते हे मोजतात. २००३च्या उन्हाळ्यातील युरोपच्या प्राणघातक उष्णतेच्या लाटेबद्दल २००४ साली असा निष्कर्ष निघाला की मानवी हस्तक्षेपामुळे तिचा धोका किमान दुप्पट झाला होता. अर्थात प्रत्येक अवकाळी पावसाला किंवा गारपिटीला हे विधान आपोआप लावता येत नाही. मोसमी पाऊस पूर्वीही लहरी होता, दुर्गादेवीचा दुष्काळ किंवा १६३० सालचा भीषण दुष्काळ कोळशाच्या धुराने आला नव्हता, आणि १९७२चा दुष्काळही त्या अर्थाने अस्मानीच होता. आज घडते ते संमिश्र आहे. आभाळाची जुनी लहर कायम आहे, पण फासे आता भारित आहेत, आणि ते कोणी भारित केले याचा हिशेब उपलब्ध आहे.

मग यामुळे गांधींचे म्हणणे उशिरा का होईना खरे ठरले काय? वरवर पाहता तसे वाटते. माणसांच्या आचरणाने ऋतू बिघडतात आणि बिघडलेले ऋतू माणसांना पिडतात, ही पाली सुत्तातील साखळी आता भौतिकशास्त्राच्या भाषेत लिहिता येते. राजा आणि पाऊस यांच्या मधल्या ज्या कड्या जुन्या कथाकारांना ठाऊक नव्हत्या, त्या सापडल्या आहेत. मनुस्मृतीने अग्नीत टाकलेली आहुती सूर्याला पोचते, सूर्यापासून पाऊस आणि पावसापासून अन्न होते अशी मालिका सांगितली आहे. ज्वलनाचा पावसावर परिणाम होतो हे शेवटी सिद्ध झाले ते अशा रीतीने, हा योगायोग काहीसा बोचरा आहे. परंतु गांधींच्या भूमिकेचा गाभा शासन हा होता. शासन म्हणायचे तर दंड अपराध्याला मिळाला पाहिजे, आणि हवामानबदलात नेमके तेच घडत नाही. इंधनज्वलनातून आजवर हवेत गेलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा, त्याची लोकसंख्या जगाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक असूनही, तीन ते चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातही कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा कितीसा असणार! रवींद्रनाथांचा दुसरा आक्षेप येथे पहिल्यापेक्षाही जोरकसपणे लागू होतो.

याच ठिकाणी कर्मसिद्धान्ताची कसोटी लागते. भारतीय दर्शनांनी कर्माचा सिद्धान्त स्वीकारला त्यामागे दोन दोष टाळण्याची निकड होती. पहिला कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरात पडणे. जग नैतिकदृष्ट्या सुसंगत असायचे तर ज्याने केले त्यानेच भोगले पाहिजे, म्हणून आत्मा नित्य मानावा लागतो आणि पूर्वजन्म मानावा लागतो, असा न्याय आणि वेदान्त दर्शनांतील युक्तिवादाचा रोख आहे. हवामानबदल हा या दोन्ही दोषांचा डोळ्यांसमोर घडणारा नमुना म्हटला पाहिजे. धूर सोडणारा सुखाने मरून जातो, हा कृतनाश. आणि ज्याच्या घरात विजेचा दिवा उशिरा आला त्याचे शेत वाहून जाते, हा अकृताभ्यागम. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके टिकून राहत असल्यामुळे कर्ता आणि भोक्ता यांच्यात पिढ्यांचे अंतर पडते, आणि वातावरण जगभर एकच असल्यामुळे खंडांचेही.

कर्मवादी यावर अदृष्टाचे उत्तर देऊ शकतो. अदृष्ट म्हणजे पूर्वकर्मांचा न दिसणारा संचय. ज्याचे शेत वाहून गेले त्याच्याच मागच्या जन्मातील संचयाने ते वाहून गेले, असे म्हटले की सिद्धान्त वाचतो. पण त्याची किंमत फार मोठी आहे. जिथे कर्ता आणि कृत्य यांची दप्तरी नोंद उपलब्ध आहे, तिथे ती बाजूला सारून अज्ञात जन्मातील अज्ञात पापाकडे बोट दाखवणे म्हणजे पीडितालाच आरोपी करणे होय, आणि ज्या सिद्धान्ताचा जन्म अन्यायाचे स्पष्टीकरण देण्यासाठी झाला त्याने अन्यायाला आसरा देणे होय. निरुक्तातील ब्राह्मणांनी शंतनूच्या तोंडावर त्याचा अपराध सांगितला होता. अदृष्टवादी शंतनूला सोडून प्रजेची जन्मपत्रिका पाहू लागतो. या दोहोंत परंपरेचा बाणेदार वारसदार कोण, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात कर्मनियमाची जी मांडणी केली आहे ती या पेचातून वाट काढते. ऋतुनियम आणि बीजनियम जसे निसर्गातील व्यवस्थेचे, तसा कर्मनियम मानवी समाजातील नैतिक व्यवस्थेचा नियम आहे आणि ती व्यवस्था टिकवणे ईश्वरावर नव्हे, माणसांवर अवलंबून आहे, असे ते प्रतिपादन करतात. त्यांच्या मते या नियमाचा एखाद्या व्यक्तीच्या भाग्याशी किंवा दुर्भाग्याशी संबंध जोडता येत नाही. तो समाजाच्या एकूण नैतिक स्थितीविषयी बोलतो. दुष्कृत्याने समाजाची व्यवस्था बिघडते, आणि बिघडलेल्या व्यवस्थेचे चटके ज्याला बसतात तो त्या दुष्कृत्याचा कर्ता असेलच असे नाही. हवामानबदलाचे इतके नेमके वर्णन पारंपरिक कर्मवादाच्या कोणत्याही शाखेत सापडणे कठीण आहे. मात्र या मांडणीत एक प्रश्न उघडा राहतो. नैतिक व्यवस्था सर्वांची आहे असे म्हटले की तिच्या दुरुस्तीचा भार कोणी किती उचलायचा, हे कसे ठरणार? सर्वांची जबाबदारी व्यवहारात कोणाचीच उरत नाही, हा अनुभव आंतरराष्ट्रीय वाटाघाटींनी वारंवार दिला आहे.

या प्रश्नाला उपयोगी पडणारी कल्पना कर्मापेक्षा ऋणाची आहे, असे येथे सुचवायचे आहे. तैत्तिरीय संहितेने सांगितले की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आणि ही स्थिती जन्माला येणाऱ्या प्रत्येकाची मानली. कर्म आणि ऋण यांतील भेद मूलगामी आहे. कर्माचे उत्तरदायित्व करण्यातून येते, ऋणाचे उत्तरदायित्व मिळण्यातून येते. ऋणकोने काही पाप केलेले असण्याची गरज नसते. त्याने काही घेतले आहे, किंवा त्याच्या वतीने कोणी घेतले आहे, एवढे पुरते. शिवाय पितृऋणाची फेड अपत्याच्या संगोपनातून होते, म्हणजे मागच्यांकडून घेतलेले पुढच्यांना द्यायचे असते, आणि त्यामुळे जन्माला न आलेल्या पिढ्या या व्यवहारात धनको म्हणून आधीपासूनच गृहीत धरलेल्या आहेत. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य आणि यज्ञ यांचे चक्र सांगताना, मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे ते याच वृत्तीने.

ही कल्पना केवळ भावनेच्या पातळीवर राहिली नाही. धर्मशास्त्रकारांनी तिचे पक्के कायद्यात रूपांतर केले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या नियमांचा सविस्तर आढावा घेतला आहे. व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन वादांची, जी अठरा पदे मनूने सांगितली त्यांत ऋणादान हे पहिले. पित्याचे कर्ज पुत्राने व्याजासह फेडायचे, नातवाने मुद्दल तेवढे द्यायचे, आणि पणतू हा, हाती पूर्वजांची मिळकत आली नसेल तर, मोकळा. याज्ञवल्क्यस्मृतीने क्रम लावताना रिक्थ, म्हणजे मृताची मिळकत, जो घेतो त्याच्यावर पहिला भार टाकला. द्यूत, मद्यपान, दंड अशा कारणांनी झालेले कर्ज पुत्राला बांधत नाही. कुटुंबाच्या पोषणासाठी घेतलेले मात्र बांधते. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेवर आधारलेल्या हिंदू कायद्यात पुत्राचे हे धर्मकर्तव्य थेट २००५ सालापर्यंत न्यायालये अमलात आणत होती. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीने पुढील कर्जांसाठी ते संपुष्टात आणले.

हवामानबदलाची जबाबदारी नाकारताना श्रीमंत राष्ट्रांकडून दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एकोणिसाव्या शतकातील कारखानदारांच्या कृत्याबद्दल आजच्या नागरिकाला का जबाबदार धरावे, हा पहिला; आणि त्या काळी परिणाम कोणाला ठाऊक होते, हा दुसरा. कर्माच्या किंवा अपराधाच्या भाषेत हे दोन्ही आक्षेप वजनदार आहेत, ऋणाच्या भाषेत त्यांचा टिकाव लागत नाही. आजचा नागरिक त्या कृत्याचा कर्ता नसला तरी त्या कृत्यातून उभ्या राहिलेल्या रेल्वे, बंदरे, विद्यापीठे आणि भांडवल यांचा रिक्थग्राही निश्चित आहे. अज्ञानाने पाप हलके होते, कर्ज हलके होत नाही. त्यातून अज्ञानाची सबब फार मागे नेताही येत नाही, कारण स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांचे गणित १८९६ सालीच मांडले होते आणि इंधनज्वलनातून झालेल्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक १९९०नंतरचे आहे. हे कर्ज जुगाराचे नसून घरप्रपंचाचे होते, त्यामुळे ते नाकारण्याची ती वाटही बंद आहे. हे सर्व नियम जसेच्या तसे राष्ट्रांना लावता येतील असा दावा करण्याचे कारण नाही. कुळ आणि राष्ट्र यांत अंतर आहे. पण पापाविना उत्तरदायित्व कसे असू शकते याचा नीट घडवलेला नमुना आयता उपलब्ध असताना त्याची दखलही न घेणे, हे हवामानविषयक नीतिचर्चेचे दारिद्र्य म्हटले पाहिजे.

या विचाराचा उपयोग स्वतःच्या संस्कृतीची आरती ओवाळण्यासाठी होऊ लागला की तो तेथेच थांबवावा लागतो. भारतीय परंपरा मुळातच निसर्गपूजक होती हे अर्धसत्य आहे. महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण आणि अर्जुन खांडववन प्राण्यांसह जाळून टाकतात, आणि इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्या संहाराची निर्भीड चिकित्सा केली आहे. पश्चिम घाटातील देवराया राखल्या गेल्या हे खरे, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचे शास्त्रीय महत्त्व जगासमोर आणले. पण देवराईबाहेरचा डोंगर उघडा पडत असताना देवाच्या नावाने राखलेले रान गावाला पुरेसे वाटत राहिले, आणि आता त्या रानातही जीर्णोद्धाराच्या नावाखाली काँक्रीटचा सभामंडप उभा राहताना दिसतो. ऋणाचा हिशेब देशाच्या सीमेवर थांबतही नाही. चंद्रपूरच्या सुमारे २,९०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातील विजेवर दूरची शहरे उजळतात, राख आणि उन्हाळा चंद्रपूरच्या वाट्याला येतात. दरडोई सरासरीच्या आड लपलेला मुंबई-पुण्याचा सुखवस्तू वर्ग आणि आपत्तीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहणारा शेतकरी यांच्यातही धनको-ऋणकोचेच नाते आहे. जागतिक व्यासपीठावर न्याय मागणाऱ्याने घरातली ही वही उघडी ठेवली पाहिजे.

जगाच्या व्यवहारात मात्र ऋणाची भाषा अजून स्वीकारली गेलेली नाही. १९९२च्या आंतरराष्ट्रीय हवामान कराराने जबाबदारी सामायिक पण भिन्न असल्याचे मान्य केले. २०१५ साली पॅरिस करार संमत करताना सोबतच्या निर्णयात स्पष्ट लिहिले गेले की हानी व नुकसान यांविषयीच्या कलमातून कोणतेही दायित्व किंवा भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हानिभरपाईचा निधी स्थापण्याचे ठरले, पण त्यात रक्कम घालणे ऐच्छिक ठेवले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिलेल्या सल्लागार मतात, हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांवर कायदेशीर बंधने असून ती मोडल्यास नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो असे सांगितले. ते मत मात्र बंधनकारक नाही. धर्मशास्त्राच्या चौकटीत ऋण फेडणे आणि दान देणे ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. दान देणाऱ्याला पुण्य मिळते, कर्ज फेडणाऱ्याला पुण्य मिळत नाही, तो फक्त मोकळा होतो. वाहून गेलेल्या शेतांसाठी आणि बुडत्या बेटांसाठी आज जे काही दिले जाते ते दानाच्या खात्यात लिहिले जात आहे, आणि ती नोंद चुकीची आहे.